लाल टोक

"तो नका घेऊ, इंजिनियरसाहेब," भंगारवाला म्हणाला, तेव्हा त्याला आधी वाटलं की हा आज भाव वाढवण्याच्या बेतात आहे. बावीस वर्षं विमा कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला इंजिनियरसाहेब म्हणणारा हा जगातला एकटाच, आणि तेही वजन होईपर्यंतच. माल काट्यावर चढला की नुसतं 'साहेब' उरायचं, आणि घासाघीस सुरू झाली की तेही गळून पडायचं. त्याने हातातला रॉड सोडला नाही. अंगठ्याहून जरासा जाड, हातभर लांब, सरळ, गंजाचा ठिपकाही नाही. असा तुकडा ढिगात हाताला लागला की सुट्टीचा दिवस सार्थकी लागला, असं तो समजत असे.

"का? कुणाला कबूल केलाय?"

"कबूल कसला! टोक बघा ना त्याचं."

त्याने टोक बघितलं. लाल रंग फासलेला होता, घाईघाईने, ब्रशच्या एकाच फटक्यात. एक ओघळ खाली येऊन वाळला होता.

"लाल म्हणजे नापास," भंगारवाला म्हणाला. "कारखान्यातनं येतो हा माल. वरून असा चिकणा दिसतो, पण आत चीर असते. भट्टीतच जायचा तो. कामाला कुणाला द्यायचा नाही, असं लिहून घेतलंय माझ्याकडनं."

"कधीपासून?"

"झाला महिना. आधी देत होतो की. तुम्हीच नाही का नेला एक? असाच होता, ह्याचाच भाऊ."

"मी? छे! मी तो पितळेचा नेला होता," तो म्हणाला, आणि इतकं चटकन म्हणाला की त्याला स्वतःलाच नवल वाटलं. खोटं बोलायला त्याला एरवी वेळ लागे, बायकोने भाव विचारला तरी कान लाल होत. भंगारवाल्याने खांदे उडवले. त्याला काय, कुणी काय नेलं हे लक्षात ठेवायचं त्याचं काम नव्हतं. हातातला रॉड ढिगावर ठेवताना त्याचा आवाज होऊ नये म्हणून त्याने तो उगाचच अलगद ठेवला. "रिकाम्या हाताने चाललात? तब्येत बरी आहे ना?" असं मागून ऐकू आलं, त्याला तो कसंनुसं हसला आणि रस्त्यावर आला. निघताना दुकानाच्या भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा वाजून गेले होते. दादा बरोबर दहाला घरातून निघतो, हे त्याला कुणी आठवण करून द्यायची गरज नव्हती.

हाताला लोखंडाचा वास येत होता. हा वास त्याला आवडायचा. घरच्या गॅलरीत त्याचा धातू कातायचा छोटा लेथ होता, शिलाईयंत्राहून थोडा मोठा, सोसायटीत कुणाचं रंगकाम निघालं की घाबरून चादरीखाली जाणारा. त्या लेथसाठी धातू मिळवणं हा त्याचा खरा छंद; कातकाम त्यानंतर. दुकानातला नवा माल त्याने कधी आणला नाही. दुकानदार बारा फुटांखाली बोलत नसे, आणि तुकडा मागितला की कापायचे वेगळे लावी. मग बंद पडलेल्या छपाईयंत्रांच्या दांड्या, मोटारीचे आस, व्यायामशाळेने टाकून दिलेली डंबेल्स, इमारती पाडतात तिथली बिजागरं. कुठला तुकडा कुठून किती स्वस्तात मिळाला हे तो कचेरीत जेवणाच्या सुट्टीत सांगे, आणि लोक दुसऱ्यांच्या मुलांच्या मार्कांची गोष्ट ऐकावी तसे ऐकत. बायको म्हणायची, "दात कोरून कुठे पोट भरतं?" त्याच्या मोज्यांतून धुण्यात निघणारा धातूचा कीस ती एका डबीत साठवत होती. एक दिवस तोही विकायला ने म्हणाली होती. तो हसला होता. आपण चिकट आहोत असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. आपल्याला नजर आहे, जिथे दुसऱ्याला कचरा दिसतो तिथे आपल्याला वस्तू दिसते, असं वाटायचं. आज त्याला कळत होतं की त्याच नजरेला लाल रंगही दिसला होता.

कारण तो दिसला होता. तीन महिन्यांपूर्वी तो तुकडा लेथच्या जबड्यात, चकमध्ये, धरताना टोक समोरच होतं. रंगाचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता असंही नाही. लेथ विकत घेतला त्या दिवशी म्हाताऱ्या काताऱ्याने, आधीच्या मालकाने, यंत्र उचलता उचलता सांगितलं होतं की गोदामात रॉडच्या टोकाला रंग असतो, तीच त्याची ओळख. कापायचं ते नेहमी दुसऱ्या टोकाकडून, रंग शेवटच्या बोटभर तुकड्यापर्यंत राहिला पाहिजे. "रंग कापलास की पोलाद मुकं झालं बघ," म्हातारा म्हणाला होता. हे वाक्य त्याने स्वतःचं म्हणून चारचौघांत दोनदा वापरलंही होतं. आणि तरी त्या सकाळी त्याने स्वतःची समजूत घातली होती की प्रत्येक कारखान्याचे रंग वेगळे, लाल म्हणजे काहीही असेल, कदाचित चांगलंच असेल. मग पहिला घास टोकावरूनच घेतला. काम सुरू करताना टोक सपाट करायचंच असतं, त्यात गैर काही नाही. कीस निघाला तो एका अंगाने चकचकीत आणि दुसऱ्या अंगाने लाल. तो गोल गोल वळत ताटलीत पडला, आणि त्याने तो फुंकर मारून कोपऱ्यात उडवला. डोळ्यांवर कातडं ओढून घेणं म्हणतात ते हेच. मागे उरलं ते स्वच्छ, पांढरंशुभ्र, तोंड दिसावं असं पोलाद. त्याची त्याने दादाच्या तीनचाकीच्या ब्रेकची पिन केली.

बसथांब्यावर तो उभा राहिला. समोरच टॅक्सी उभी होती, आणि तरीही तो बसथांब्यावर उभा राहिला, हे त्याला तीन मिनिटांनी उमगलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण त्या तीन मिनिटांत त्याने फोन काढला होता. दादाचा फोन पिशवीत असतो, पिशवी सीटखाली. गाडीवर असला की तो उचलत नाही. त्याने घरचा नंबर लावला आणि वाजणाऱ्या प्रत्येक घंटेला 'उचलू नका' आणि 'उचला' असं एकाच वेळी म्हणत राहिला.

"काय भावजी, आज सकाळीच?" वहिनी म्हणाली. मागे नळ वाहत होता, तो तिने बंद केल्याचं ऐकू आलं.

"दादा आहे?"

"आहेत ना. निघायच्या तयारीत. गाडीत बसतायत. देऊ का?"

तीन शब्द पुरे होते. थांबवा आज त्याला. मग वहिनीने विचारलं असतं, का? आणि त्या 'का'चं उत्तर द्यावं लागलं असतं. कचेरीत त्याच्या टेबलावर अपघाताचे कागद येत, त्यांत 'कारण' असा एक रकाना असे, आणि लोक तिथे काय काय लिहीत: रस्ता ओला होता, समोरून कुत्रं आलं, नशीब. इतक्या वर्षांत 'माझी चूक' असं लिहिलेलं त्याने पाहिलं नव्हतं. वाचताना तो मनात हसायचा. फोनवर सांगायचं, तर ते वहिनीला सांगावं लागणार, वहिनी ते दादाला ओरडून सांगणार, शेजारी ऐकणार. प्रत्यक्ष गेलो तर नीट सांगता येईल. काहीतरी निमित्त काढून पिन काढून घेता येईल. कदाचित सांगावंही लागणार नाही. वीस मिनिटांचा तर प्रश्न. दोन महिने टिकली ती पिन वीस मिनिटं टिकणार नाही का? हे सगळं त्याच्या मनात एवढ्या वेळात येऊन गेलं की वहिनी "हॅलो?" एकदाच म्हणाली.

"नको, नको, देऊ नका," तो म्हणाला. "सहज केला. पंख्याचा आवाज बंद झाला का, एवढंच विचारायचं होतं."

"तो कधीच झाला की. तुम्हीच नाही का तेल घातलंत? तुमच्या हाताला गुण आहे बाई." ती हसली. "या ना एकदा दोघं."

"येतो," म्हणून त्याने फोन ठेवला आणि टॅक्सीकडे धावला.

टॅक्सीवाला सावकाश चालवणारा निघाला, घाई असली की असेच भेटतात. "जरा लवकर," असं त्याने दोनदा म्हटलं. "सिग्नल माझ्या सासऱ्याचा नाही," टॅक्सीवाला म्हणाला. मागच्या सीटवरून त्याचे डोळे मीटरवर जात होते, सवयीने, आणि प्रत्येक वेळी तो शरमून बाहेर बघत होता. दादाच्या घराकडून मोठ्या रस्त्याला उतरणारा चढ त्याला डोळे मिटून दिसत होता. चढ म्हणायचा तो आपल्या बाजूने. दादाच्या बाजूने तो उतार. वर दोन वळणं, मग सरळ घसरण, डाव्या हाताला शाळेची भिंत, उजवीकडे चपलांचं दुकान आणि दवाखाना, आणि खाली एकदम मालट्रकांचा रस्ता. तो रस्ता डावीकडे टाकून कडेकडेने पन्नास पावलं गेलं की दादाचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. दादा हातांनी पॅडल मारत वर जातो, पण उतरताना काही करायचं नसतं, फक्त ब्रेकचा दांडा धरायचा. तो दांडा एका पिनेवर फिरतो. बोटाएवढी पिन, एका टोकाला डोकं, दुसऱ्या टोकाला आरपार भोक, त्यात क्लिप. जुनी पिन झिजली तेव्हा सायकलवाला म्हणाला होता की सगळा ब्रेकच बदलावा लागेल, आणि त्याने छातीवर हात मारून सांगितलं होतं, बदलायचं कशाला, मी करतो. महिनाभर तो त्या पिनेवर खपला. डोक्याच्या कडा गोल केल्या, केसाएवढाही फरक राहू नये म्हणून तीनदा मापली, शेवटी कापडाने घासून आरशासारखी केली. दादाने ती हातात घेऊन डोळ्याला भिंग लावून पाहिली होती, मनगटी घड्याळ पाहतो तशी. "सुरेख झालीय," म्हणाला होता. त्या एका शब्दावर तो दोन महिने जगला होता, हे त्याला टॅक्सीच्या मागच्या सीटवर कबूल करावं लागलं.

आणि दोरी आठवली. आठवणारच होती, तो तिला मघापासून बाहेर उभी करून ठेवत होता. दादा नऊ वर्षांचा असताना तापाने पाय गेले, तेव्हा वडिलांनी फळ्यांचा गाडा केला होता, चार चाकं, बसायला गोणपाट, मागे दोरी. पुढे दादा बसायचा, मागे हा सहा वर्षांचा दोरी धरून पळायचा, आणि उतार आला की टाचा रोवून मागे ओढायचा. लोक म्हणत, धाकटा गुणी आहे. एकदा कुणीतरी पतंग काटला, याने वर पाहिलं आणि हातातून दोरी सुटली. त्याला अजून तळहाताला ती सरसरून गेलेली दोरी कळत होती. तो जिवाच्या आकांताने ओरडला होता, "दादा, सुटली!" आणि दादाने मागे न बघता गाडा कडेच्या झुडपात घातला. हनुवटीला तीन टाके पडले. आईने विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "मीच सोड म्हणालो त्याला, मला जोरात जायचं होतं." आई दादावर रागावली, आणि तो दाराआड उभा राहून ऐकत राहिला. चाळीस वर्षांत त्या दोघांत त्याचा विषय कधी निघाला नाही. दादाच्या हनुवटीवर तो व्रण आहे आणि दाढी करताना दादा तिथे जरा थांबतो, एवढंच.

चढाच्या पायथ्याशी टॅक्सी सोडली तेव्हा दहा वाजून सहा मिनिटं झाली होती. सुटे परत घ्यायला तो थांबला नाही, ही त्याच्या आयुष्यातली बहुधा पहिलीच वेळ. वर पाहिलं तर सरळ घसरणीच्या डोक्यावर दादाची तीनचाकी दिसली, निळी, पुढे आरसा बसवलेली, आणि ती खाली येत होती. फार वेगात नव्हती. नेहमीच्याच वेगाने येत होती. त्याला ओरडायचं होतं. काय ओरडायचं ते सुचेना. 'थांब' म्हटलं तर दादा जोरात ब्रेक दाबणार, आणि जोरात दाबला तर तेव्हाच ती तुटणार. नाही म्हटलं तर खाली रस्त्याच्या तोंडाशी दाबणार, आणि तिथे मालट्रक. तो नुसता पळत सुटला, वरच्या दिशेने, पन्नाशीकडे झुकलेला पोट सुटलेला माणूस, दोन्ही हात पुढे करून, जणू गाडी अंगावर झेलणार होता. शाळेच्या भिंतीशी छातीत कळ आली. दादाने त्याला पाहिलं. दादाचा उजवा हात दांड्यावर आवळला गेलेला त्याला स्पष्ट दिसला, बोटांची पेरंसुद्धा, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

ब्रेक करकरला. गाडी थांबली.

डोळे उघडले तेव्हा दादा त्याच्यापासून चार हातांवर, उतारावर तिरपा, निवांत बसला होता. "काय रे? काय झालं? घरी सगळे ठीक आहेत ना?"

त्याचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या त्याच्या मनात आलं की आता सांगायची गरज नाही. हा विचार इतका पटकन आला की त्याला स्वतःची किळस आली. त्या किळसेच्या भरातच तो बोलत सुटला. लाल टोक, भंगारवाला, चीर, पहिला घास, लाल पाठीचा कीस, सगळं उलटसुलट सांगितलं. म्हाताऱ्या काताऱ्याचंही सांगितलं, आपल्याला माहीत होतं हेही सांगितलं. दवाखान्याच्या पायरीवरची एक बाई त्यांच्याकडे बघत होती. शेवटी तो म्हणाला, "दादा, ती पिन काढ. आत्ता काढ. मी गाडी धरतो."

दादाने खिशातून किल्ल्यांचं जुडगं काढलं. दुकानाची किल्ली, कपाटाची किल्ली, लहान कुलपाच्या दोन, आणि त्यांच्यामध्ये कडीत अडकवलेली पिन. क्लिपसाठी पाडलेल्या भोकातून कडी नेमकी गेली होती. खिशात राहून राहून पिन आणखीच चकचकीत झाली होती.

"ही कधीच काढली मी," दादा म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी. दोऱ्याला टांगून चिमट्याने वाजवून पाहिली, सवय आमची. टण्ण वाजायला हवी होती. वाजलीच नाही. मग नीट पाहिलं. बघ, डोक्याखाली, अंगठ्याच्या नखाने बघ."

त्याने नख फिरवलं. केसाएवढी रेघ होती. तीनदा मापताना ती त्याला दिसली नव्हती.

"मग गाडीला काय लावलंय?"

"सायकलवाल्याकडचा बोल्ट. चालतो."

"बोललास का नाही?"

"काय बोलायचं? महिनाभर खपला होतास." दादा हसला, खरंच हसला. "आणि दिसायला सुरेखच आहे. दुकानात येणाऱ्याला दाखवतो मी, भावाने केलीय म्हणून. ब्रेकमध्ये असती तर कुणी बघितली असती?"

त्याला रडू येईल असं वाटलं. चिरलेली पिन खिशात आणि भावाची शाबासकी तोंडावर, असं दादाने दोन महिने बाळगलं होतं, आणि त्याला कळूही दिलं नव्हतं. दोरीचंही असंच झाकलं होतं. त्याने दादाच्या गुडघ्यावर हात ठेवला, ज्या गुडघ्याला तो कळत नाही. सगळं धुऊन निघालं असं त्याला वाटलं. वीस-पंचवीस सेकंद वाटलं असेल.

दादाने जुडगं परत खिशात टाकलं. दांड्यावर हात ठेवला आणि समोर खाली मोठ्या रस्त्याकडे बघत, साध्या आवाजात विचारलं, "मघाशी तुझा फोन आला होता ना?"

त्याचा हात दादाच्या गुडघ्यावरून खाली आला.

"तुझी वहिनी सांगत होती. पंख्याचं विचारत होतास म्हणे. तेव्हा कुठून केला होतास? भंगाराच्या दुकानातून?"

"बाहेरून," तो म्हणाला. "बसथांब्यावरून."

"म्हणजे तेव्हा कळलं होतं तुला."

मालट्रक खालून गेला, त्याच्या मागे आणखी एक. दादाने हनुवटीवरून हात फिरवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. बंद घड्याळ उघडून आत बघावं तसा तो आपल्या भावाकडे बघत होता, आणि बघून झाल्यावर त्याने मान वळवली.

"दोरी सुटली तेव्हा ओरडला तरी होतास तू," दादा म्हणाला.

तो सवयीने गाडीच्या मागे गेला. मागच्या दांडीला, जिथे लहानपणी दोरी असायची त्या जागी, दोन्ही हात लावले, उरलेला उतार धरून न्यायला.

"राहू दे," दादा पुढे बघत म्हणाला. "ब्रेक आहे."